उलट टपाली

कागदाच्या जातीत जन्माला यायचं आणि अंगावर एक अक्षर धड उमटू द्यायचं नाही, ही करामत टीपकागदाची. त्याच्यावर पेन टेकवावं तर टिंबाचं बघता बघता तळं होतं, तळ्याला ओढे फुटतात, आणि ‘क’ काढायला निघालेल्या माणसाच्या पदरी एक निळं पावसाळी खोरं पडतं. इतर कागद कविता मिरवतात, कर्जरोखे मिरवतात, निदान वाण्याची यादी तरी मिरवतात. हा मात्र आयुष्यभर दुसऱ्याच्या लिखाणावर पालथा पडलेला. गुलाबी, जाडसर, हाताला किंचित लवदार, कोपरे दुमडलेले, आणि आपण कुणाच्या तरी बोलण्यात भलत्या वेळी शिरलो की काय, असा कायमचा संकोच चेहऱ्यावर.

साध्या कागदाचा सगळा रुबाब खळीचा असतो. लगद्यात किंवा तयार पानावर त्याला सरस, पिष्ट किंवा राळ पाजलेली असते. त्याने तंतूंमधल्या फटी बुजतात आणि शाई जिथे ठेवाल तिथे मुकाट बसते. आपल्याकडे जुन्नरचे आणि दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचे कागदी कारागीर पानावर खळ चढवून ते गुळगुळीत दगडाने घोटून घोटून चकाकवत, म्हणजे बोरू त्यावरून विनातक्रार धावावा. टीपकागदाच्या वाट्याला ही खळच येत नाही. त्याच्या तंतूंमधल्या असंख्य बारीक वाटा उघड्याच राहतात, आणि समईच्या वातीत तेल ज्या नियमाने चढतं त्याच नियमाने शाई त्याच्या आत ओढली जाते. कडक खळीची माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. दुसऱ्याच्या दुःखाचा थेंब त्यांच्यावर पडला तर तो मोत्यासारखा चमकतो आणि घरंगळून जातो. बिनखळीच्या माणसांवर मात्र सगळ्यांचे डाग दिसतात, आणि वर ‘जरा नीटनेटकं राहायला काय होतं?’ हेही त्यांनाच ऐकावं लागतं.

या कागदाच्या जन्माची एक कथा इंग्लंडात सांगतात. बर्कशायरमधल्या एका कागदगिरणीत कुणी कामगार लगद्यात खळ घालायलाच विसरला. मालाचा सत्यानाश झाला म्हणून मालकाने डोक्याला हात लावला, आणि त्या वाया गेलेल्या कागदावर काही खरडायला गेला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की हा शाई पितो. कथा गोड आहे. प्रत्येक शोधाच्या मुळाशी एक वेंधळा माणूस असावा अशी आपली सर्वांची मनापासून इच्छा असते, कारण त्यात आपल्यालाही थोडी आशा असते. पण ही कथा ज्या काळातली म्हणून सांगतात, त्याच्या बरंच आधी, १५१९ साली, विल्यम हॉर्मन नावाच्या एका इंग्रज हेडमास्तरांनी लॅटिन शिकवण्याच्या आपल्या पुस्तकात ओलं लिखाण टिपून घेणाऱ्या कागदाचा उल्लेख करून ठेवला आहे. हेडमास्तरांनी कथेची गंमत घालवावी हे रीतीला धरूनच झालं. गुलाबी रंगाबद्दल असं सांगतात की लाल चिंध्यांचा रंग काही केल्या निघत नसे, पांढरा कागद त्यातून होईना, मग त्या टीपकागदाच्या लगद्यात ढकलल्या जात. म्हणजे खळ नाही म्हणून नापास, रंग जात नाही म्हणून नापास. दोन नापासांचा हा संसार पुढे सगळ्या जगाच्या मेजावर जाऊन बसला.

तो आपल्याकडे येण्याआधी हे काम वाळूकडे होतं. पेशव्यांच्या फडातला कारकून मांडी घालून, गुडघ्यावर कागद घेऊन मोडीची ओळ हात न उचलता ओढत नेई. मजकूर संपला की डबीतून बारीक वाळू त्यावर भुरभुरायची, कागद हलकेच हलवायचा आणि उरलेली वाळू पुन्हा डबीत. जुनी दप्तरं सोडणाऱ्यांच्या बोटांना कागदाच्या घडीतून आजही तिचे कण लागतात. स्वारीचा हुकूम असो, देशमुखीचा तंटा असो की तांदळाची उचल असो, वर तीच वाळू. अटकेपर्यंतच्या कारभारावर कुठल्यातरी ओढ्याकाठची मूठभर वाळू बसून आहे आणि तिला कारभाराचं काडीचं कौतुक नाही, हा विचार मला इतिहासाच्या पुष्कळ ग्रंथांहून अधिक समजूतदार वाटतो.

आमच्या शाळेत वाळू नव्हती आणि टीपकागद महाग वाटे. शाई मात्र मुबलक. मुंबईत १९३१ साली दांडेकर बंधूंनी घोडा छाप शाईची पूड आणि वड्या करायला घेतल्या, पुढे त्याच घराण्यात उंट आला. प्राणी बदलले तरी आमचे शर्ट निळे व्हायचे ते झालेच. डाग पडला की मुलं खडूची कड त्यावर टेकवत. खडू हळूहळू आभाळी होत जाई आणि फळ्यावरचा पाहुणा वहीत येऊन गेल्याची खूण ठेवून जाई. निब पुसायला डोक्याचे केस होते. वर्गात ज्याच्याजवळ खरा टीपकागद असे त्याची मिजास काय वर्णावी! तो तुकडा उसना देताना एक कोपरा नेमून देई: ‘इथेच टिप, मधे नको.’ टिपण्याचंही एक शास्त्र होतं. घासायचं नाही, फक्त दाबायचं, आणि उचलताना सरळ वर उचलायचं. घाई झाली की अक्षराला शेपूट फुटे आणि मास्तर त्या शेपटाला धरून आम्हाला उभं करत.

कचेरीत गेल्यावर टीपकागदाला बढती मिळे. तिथे त्याला लाकडी अर्धचंद्राच्या पोटाला बांधत, वर धरायला एक मूठ असे. साहेबांनी सही करायची आणि शेजारी उभ्या कारकुनाने तो अर्धचंद्र सहीवरून एकदा डोलवायचा. सही साहेबांची असली तरी तिला कोरडेपणा कारकून देई, आणि कचेरीच्या कामात कोरडेपणाचं मोल जाणत्यांना सांगायला नको. दोन देशांच्या करारावर सह्या होतात तेव्हा मागून पुढे वाकून सही टिपणारा एक गंभीर अधिकारी अजूनही कधीकधी दिसतो. छायाचित्रात तो बहुधा अर्धा कापलेला असतो.

मग दिवस फिरले. ज्या साली मुंबईत घोडा छाप निघाली त्याच साली पार्कर कंपनीने क्विंक नावाची झटपट वाळणारी शाई काढली; १९४१ च्या ‘पार्कर ५१’ची तर कीर्तीच अशी की ओली शाई कागदावर उतरताच कोरडी. हंगेरीतल्या लास्लो बिरो नावाच्या पत्रकाराला छापखान्याची शाई लगेच वाळते आणि आपल्या पेनातली वाळत नाही याचं वैषम्य वाटलं, आणि त्यातून बॉलपेन निघालं. बॉलपेनाने अक्षर बिघडतं अशी मास्तरांनी बरीच वर्षं आरोळी ठोकली. ती खरीही असावी. पण अक्षर बिघडूनही पेन्शन मिळते हे लोकांना कळून चुकलं होतं.

टीपकागद मेला मात्र नाही. त्याने दुसऱ्या नोकऱ्या धरल्या. बीजपरीक्षणात ओल्या टीपकागदावर दाणे मोजून मांडतात आणि किती रुजले ते पाहतात; शाळेत काचेच्या ग्लासात त्याच्या आडोशाने वाल रुजवला नाही असं मराठी मूल विरळा. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर ब्लॅटर यांच्या नावाचा जो वनस्पतिसंग्रह आहे, तशा संग्रहांसाठी फुलं-पानं वाळवायची तर टीपकागदाच्या थरांतच दाबून ठेवतात. भिजलेली, फाटलेली जुनी हस्तलिखितं दुरुस्त करणारे लोक पानांमध्ये तोच घालतात. म्हणजे वाळूने वाळवलेल्या कागदाचं म्हातारपण आता हा काढतो आहे. आणि त्याच्या पट्टीवर काळ्या शाईचा ठिपका देऊन टोक पाण्यात सोडलं, तर पाणी चढता चढता काळ्यातून निळा, जांभळा, कधी पिवळाही रंग वेगळा होऊन निघतो. याच जातीच्या खेळातून, त्याच्या सख्ख्या भावाच्या म्हणजे गाळणकागदाच्या मदतीने, मार्टिन आणि सिंज या दोघा शास्त्रज्ञांनी मिश्रणातली द्रव्यं वेगळी काढण्याची रीत बसवली. वेगळं काढण्याच्या या विद्येला १९५२ साली नोबेल पारितोषिक मिळालं. काळ्याच्या पोटात इतकं काही असतं हे आमच्या हेडमास्तरांच्या काळ्या कोटाकडे पाहून कधी वाटलं नव्हतं.

या सगळ्या नोकऱ्या सन्मानाच्या आहेत, पण माझा जीव अडकला आहे तो पत्रं टिपणाऱ्या टीपकागदात. त्याची एक गंमत फार जणांच्या लक्षात येत नाही. माणूस पत्र लिहीत खाली खाली येतो तेव्हा वरच्या ओळी वाळून गेलेल्या असतात. पान टिपायची वेळ येते तेव्हा ओल्या असतात त्या शेवटच्या दोन-तीन ओळी. म्हणजे टीपकागदाला पत्राची सुरुवात कधी ठाऊकच नसते. कोण आजारी, कुणाचं लग्न मोडलं, विहिरीला पाणी लागलं की नाही, यातलं काही त्याच्या कानावर येत नाही. त्याला ठाऊक असतं ते एवढंच: मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, कळावे, लोभ असावा ही विनंती. वर्षानुवर्षं तो जगाचा निरोपच ऐकत आलेला. एकावर एक, तिरपे, आडवे, फिके, गडद. शेकडो ‘लोभ असावा’ एकमेकांच्या अंगावर रेललेले. शिवाय ताजा कलम. तो तर पत्र टिपून झाल्यावर आठवणार, म्हणजे पुन्हा टिपणं आलं. आणि मराठी माणसाच्या पत्रातला खरा मजकूर ताज्या कलमातच असतो हे सर्वश्रुत आहे. दोन पानं पाऊसपाणी, आणि ‘ता. क. मनिऑर्डर अद्याप पोचली नाही.’

हे सारं उमटतं उलटं. आरसा धरला की सुलटं होतं, पण आरशाशिवाय पाहण्यात अधिक मौज आहे. उलट्या देवनागरीत शिरोरेघ तेवढी इमानाने जागच्या जागी राहते. बाकी पहिल्या वेलांटीची दुसरी होते आणि दुसरीची पहिली. ‘विनंती’तला ‘वि’ दीर्घ आणि ‘ती’ र्‍हस्व. शुद्धलेखनाचे कर्दनकाळ टीपकागदावर आडवेतिडवे चुकलेले सापडतात. काही अक्षरं मात्र कुठूनही पाहा, तीच. ‘ठ’ तसा आहे, आणि आपला ‘ळ’. सगळं जग उलटलं तरी ‘कळावे’तला ‘ळ’ ढिम्म; बाकीचं कळो न कळो.

गुप्त गोष्टी शोधणाऱ्यांनी टीपकागदावर म्हणूनच फार भरवसा ठेवला. व्हिक्टर ह्यूगोच्या १८६२ सालच्या ‘ले मिझराब्ल’मध्ये ज्याँ वालज्याँ आरशात सहज पाहतो आणि कोझेतच्या टीपकागदावरची, तिने आपल्या प्रियकराला लिहिलेली चिठ्ठी त्याला वाचता येते, लेकीसारखी वाढवलेली पोर आपल्यापासून दूर चालली हे त्या बलदंड माणसाला तो गुलामासारखा निमूट कागद सांगतो. चिठ्ठी चार ओळींचीच होती म्हणून सगळी उमटली, असं आपलं माझं मत. शेरलॉक होम्सला तेवढं भाग्य नव्हतं. १९०४ साली प्रसिद्ध झालेल्या एका कथेत केंब्रिजचा रग्बीपटू नाहीसा होतो आणि होम्सला हॉटेलच्या खोलीत त्याने पाठवलेल्या तारेचा ठसा टीपकागदावर मिळतो. ‘आरशासमोर धरा!’ म्हणून सोबतचा माणूस उतावीळ होतो. होम्स शांतपणे कागद पालथा करतो, कारण कागद पातळ आहे आणि मागून अक्षरं सुलटी दिसतात. पण त्यालाही मिळतं ते तारेचं शेपूटच, मदतीची एक कळकळीची हाक. आधीचे शब्द निसटले ते निसटलेच. म्हणजे लंडनमध्येही लोभ असावा तेवढा उमटतो.

ही कथा मी मराठीतून वाचली तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा असेन. घरात गुन्हा घडत नव्हता याचा मला मनस्वी राग येई. आमचे आजोबा मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. दुपारी वामकुक्षी झाली की खिडकीशी बसून नात्यागोत्यात पत्रं लिहीत. त्यांचं एक पॅड होतं, पुस्तकासारखं मिटणारं, आत दोन्ही बाजूंना टीपकागद. एका संध्याकाळी ते देवळात गेल्याचं पाहून मी ते पॅड आणि दाढीचा आरसा घेऊन माळ्यावर चढलो. खजिन्याचा नकाशा नाही तर निदान एखादा जुना तंटा तरी सापडेल अशी उमेद होती. सापडले ते ‘लोभ असावा’. डावीकडे लोभ, उजवीकडे लोभ, समासात आशीर्वाद. एका ठिकाणी ‘ता. क. सुपारी जाड नको’ एवढा एकच पुरावा हाती लागला आणि तो कुणाविरुद्ध वापरावा हे कळेना.

पॅड मिटणार तेवढ्यात वरच्या कडेला काही वेगळं दिसलं. ‘श्री’, आणि त्याखाली ‘सौ.’ पुढे काही नाही. जरा बाजूला पुन्हा ‘श्री’, खाली ‘सौ.’, पुढे कोरं. असे ते निरनिराळ्या तिरक्यांत होते, काही गडद, काही अगदी विरळ. टीपकागदावर पत्राची सुरुवात! असं एकाच कारणाने होऊ शकतं, ते म्हणजे पत्र तिथेच थांबलं तर. आता होम्सची पद्धत. आजोबांच्या पत्रशास्त्रात लेक आणि सून ‘चि. सौ.’, थोरली वहिनी ‘ती. सौ.’, शेजारीपाजारच्या बायकांना पत्र लिहिण्याचा प्रश्नच नाही. मग मागेपुढे कुणी नसलेली ही नुसती ‘सौ.’ कोण? त्या हिवाळ्यात आजी आत्याच्या बाळंतपणाला नागपूरला जाऊन राहिली होती हे मला आठवलं. घर माणसांनी गजबजलेलं. कधी काकू चहा घेऊन येणार, कधी शेजारचे पेपर मागायला, कधी आम्ही पोरं चेंडू शोधत खिडकीशी. पाऊल वाजलं की पॅड मिटलं जात असणार. ओल्या ‘सौ.’सकट.

मी माळ्यावरून उतरलो तो थेट स्वयंपाकघरात. आजी चुलीपुढे होती.

‘आजोबांनी तुला नागपूरला पत्रं पाठवली होती?’

‘मला?’ ती म्हणाली. ‘मला कशाला पाठवतील? तुझ्या आत्याला आलं होतं. त्यात खाली होतं, सर्व मंडळी खुशाल म्हणून. त्यात आले की मीही.’

मी पॅड पुढे केलं. त्यांच्या पॅडला हात लावल्याबद्दल आधी माझा उद्धार झाला. मग हात पदराला पुसून तिने ते घेतलं, खाली-वर केलं, आणि हे असं उलटं कशाला लिहून ठेवलंय म्हणून विचारलं. मी आरसा धरला. तिने प्रथम आरशात पाहून कुंकू सारखं केलं. मग पॅड जवळ आणलं. पहिली ‘सौ.’ वाचली, मग बोट पुढे सरकवत दुसरी, मग पुढची. प्रत्येकीच्या पुढे बोट थोडं थांबे.

‘शाई फुकट घालवायची हौस,’ ती म्हणाली, आणि पॅड माझ्या हातात देऊन म्हणाली, ‘जिथलं तिथे ठेव.’

रात्री पानं वाढली. आजोबांनी चित्राहुती घातली, पहिला भात कालवला. आजी वाढता वाढता, जणू उद्याच्या भाजीचं विचारावं तशी म्हणाली, ‘काय हो, सौ.च्या पुढे काय लिहायचं होतं?’

काका-काकूंना काही उमगलं नाही. आजोबांचा घास हातात तसाच राहिला. चष्म्यावरून त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी ताटातल्या लिंबाच्या फोडीचा फार बारकाईने अभ्यास करत होतो. उभ्या तालुक्याच्या अर्जांना उत्तरं लिहिलेला तो माणूस क्षणभर भिंतीकडे बघत राहिला.

‘आमटी वाढ,’ ते म्हणाले.